राजकन्यांचे गळे

मी बावीस वर्षांची होते आणि अण्णांनी मला मुदत दिली होती. तुळशीचं लग्न लागेपर्यंत नोकरी मिळाली तर मिळाली, नाहीतर निपाणीच्या स्थळाला होकार. अण्णा म्हणजे माझे वडील. बंगळुराजवळच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर होते आणि एकदा शब्द बोलले की बोलले. स्थळ तसं वाईट नव्हतं, हे आधीच सांगते. दुमजली घर, दुकान, मुलगा निर्व्यसनी. पण लग्नानंतर चित्रं काढू द्याल का, असं मी विचारलं तेव्हा मुलाची आई म्हणाली, "काढ की, रोज दारात रांगोळी काढ." हातातली पोह्यांची बशी तिच्या मांडीवर उपडी करावी असं मला वाटलं. केली नाही, हेच नशीब.

नव्वदीच्या त्या शेवटच्या वर्षांत बंगळुरात कार्टूनचे स्टुडिओ निघायला लागले होते. शिवाजीनगरच्या बसस्टँडच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर असाच एक होता. तिथल्या साहेबांनी माझी वही चाळली आणि सांगितलं, आठ राजकन्या काढून आण. परीकथेतल्या पाहिजेत, पण आम्ही कुठेच पाहिलेल्या नकोत. दसरा झाला की दाखव.

कुणी न पाहिलेल्या राजकन्या आमच्याच घरात होत्या, ट्रंकेच्या तळाशी. माझा अज्जा, अण्णांचे वडील, तरुणपणी संगीत नाटकांच्या एका फिरत्या कंपनीत बायकांची कामं करायचा. नाटकं सगळी हसवणारी आणि नायिका एकजात बिलंदर. एक बहिरेपणाचं सोंग घेऊन दोन म्हाताऱ्या नवरदेवांना आपसात लढवायची. एक सासऱ्याला कणगीत कोंडून वर बसून पद म्हणायची. अण्णांना या सगळ्याची भयंकर लाज. शाळेत पोरं त्यांना 'बाईचा पोरगा' म्हणायची, ते त्यांनी कधी माफ केलं नाही. फोटो ट्रंकेत गेले आणि विषय बंद झाला. आई मी सातवीत असताना गेली. राहिलो आम्ही तिघं, त्यात हे बापलेक एकमेकांशी जेवणापुरतं बोलणारे.

मी ठरवलं, अज्जाच्या नायिकांनाच कार्टूनमधल्या राजकन्या करायचं. शेजारच्या अक्कांच्या मुलांबरोबर कॅसेटी बघून मला ते सगळं पाठ होतं. अर्धा चेहरा व्यापणारे डोळे, मुठीत मावणारी कंबर, मागेपुढे पाखरं. बहिरीला मी नऊवारीतच ठेवली, फक्त तिचा पदर वाऱ्यावर सोडला आणि खांद्यावर दोन खारी बसवल्या. कणगीचा मी उंच बुरूज केला, आतून सासऱ्याच्या मिशा तेवढ्या बाहेर.

अण्णा कामावर गेले की अज्जा खिडकीपाशी बसायचा आणि मी त्याच्यावरून काढायचे. गुडघे गेलेला म्हातारा माणूस, पण मान अशी वळवायचा की मी पेन्सिल खाली ठेवून बघत राहायचे. "लाजताना हनुवटी खाली नाही न्यायची," तो सांगायचा. "डोळे खाली, हनुवटी वर. बिलंदर बाई आहे ती, गोगलगाय नाही." त्या दुपारी मी जितकी सुखात होते तितकी पुढे क्वचितच झाले.

तिसऱ्या चित्राच्या वेळी त्यानं उजवा हात गळ्याशी नेला, बोटं अलगद पसरून.

"हे काय नवीन, अज्जा?"

"नवीन कसलं. पुरुष ना आम्ही. गळ्याची घाटी दिसली की राणी मेली, असं आमचे मालक म्हणायचे. मग कधी पदर, कधी ठुशी, नाहीतर हा हात."

मी ट्रंकेतून फोटो काढून बघितले. खरंच, तीन-चार फोटोंत तसाच हात होता. मला तो इतका आवडला की पुढच्या सहाही राजकन्यांचा हात मी गळ्यावर ठेवला. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तारीख घातली. ती ड्रॉइंगच्या बाईंनी लावलेली सवय.

त्याच दिवसांत अज्जानं मफलर गुंडाळायला सुरुवात केली. बंगळुरात श्रावणात मफलर बांधणारे म्हातारे गल्लोगल्ली असतात, कोण कशाला विचारतंय? पोज देताना तो पदं गुणगुणायचा, ते थांबलं. भाकरीऐवजी पेज मागायला लागला. म्हणाला, दात हलतात, स्वल्प पातळ कर. मी करून दिली आणि लगेच चित्राला बसले. डोळे फुटले होते का माझे? दीड-दोन महिने त्या गळ्याकडे माझ्याइतकं रोखून कुणीही बघत नव्हतं.

दसरा झाल्यावर बुधवारी मी चित्रं घेऊन गेले. साहेबांनी आठही टेबलावर मांडली. बहिरी आणि कणगीवाली बघून ते हसले, दुसऱ्या टेबलावरच्यांना बोलावून दाखवल्या. मग म्हणाले, "या दोघी ठीक आहेत. बाकीच्या सहाजणींचा घसा दुखतोय का? आमच्याकडे पोरगी नाचणार, हात हलणार, मान वळणार. गळा काढता येत नाही म्हणून झाकलास ना?"

मला संताप आला. गळा काढता येत नाही म्हणे! पण तोंड उघडलं असतं तर थेट निपाणी. त्यांनी शनिवारी पाचपर्यंत वेळ दिला. सहा गळे नीट करून आण, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो.

गुरुवारी मी अज्जाला खिडकीपाशी बसवलं आणि म्हटलं, हात काढ. तो म्हणाला, मनानं काढ. म्हटलं, मनानं येत नाही, मफलर सोड. तो नाही म्हणाला. तुळशीच्या लग्नाला तीन आठवडे राहिले होते आणि हा म्हातारा मला नखरे दाखवत होता, असं मला वाटलं. माझं टाळकंच फिरलं. मी त्याचा हात धरून बाजूला केला आणि मफलर ओढला.

घाटीच्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती.

मी हात लावला. दगडासारखी घट्ट. अज्जानं माझ्या हातातून मफलर हळूच काढून घेतला. "तुझं काम होईपर्यंत थांबू म्हटलं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज किती बसलाय ते मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. "दवाखाने सुरू झाले की तुझी चित्रं राहिली असती. तुझ्या बापानं लगेच पत्र टाकलं असतं निपाणीला."

मी रडले, त्याला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, आधी गळे काढ.

आणि मी काढले, हे मला लिहायलाच हवं. शुक्रवारी दिवसभर बसून सहाजणींचे हात खोडले आणि नितळ, लांब, एक रेघ नसलेले गळे काढले. अज्जा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

रात्री अण्णा घरी आल्यावर मी त्यांना गाठीचं सांगितलं आणि शनिवारी सकाळी ते रजा टाकून आमच्याबरोबर आले. सरकारी इस्पितळात आम्ही तिघं बाकावर बसलो, चित्रांची फाईल माझ्या मांडीवर. अज्जानंच ती घ्यायला लावली होती. डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली, तोंडात बॅटरी मारली आणि विचारलं, कधीपासून आहे? अज्जा मफलरची टोकं चाळवत बसला. अण्णांना काल रात्रीपर्यंत काहीच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर ज्याच्याकडे नीट बघितलं नाही त्या बापाकडे ते आता बघत होते.

मी फाईल उघडली. तिसरं चित्र बाहेर काढलं. खोडलेल्या हाताच्या जागी कागद खरवडलेला होता, बोटं अजून ओळखू येत होती. कोपऱ्यातली तारीख मी वाचून दाखवली. राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवसाची होती.

"तेव्हा आणायला पाहिजे होतं," बाई म्हणाल्या. आता ऑपरेशन होण्यासारखं नाही, दुखणं कमी करायचं औषध देते, असं त्यांनी अण्णांना सांगितलं. अण्णांनी अज्जाचा मफलर नीट केला. दोनदा केला. त्यांना गाठ मारता येईना.

चार वाजले तेव्हा अज्जानं मला खूण केली. बोलायला त्रास होत होता, तरी म्हणाला, "पाचपर्यंत ना? जा." मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

मी शिवाजीनगरची बस धरली. साहेब चहा पीत होते. त्यांनी सहाही चित्रं एकेक करून उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, आणि खूश झाले.

"आता गळे अगदी ठीक आहेत," ते म्हणाले. "सोमवारपासून ये."