लाल उजेडातले ओठ

आमच्या आत्याला घरात सगळे रंगारीण म्हणायचे. हे नाव बाबांनी ठेवलेलं, आणि ती ते मिरवायची. बाबांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या आतल्या खोलीत आत्याचं राज्य होतं: एक आरसा, एक लटपटणारं स्टूल आणि पत्र्याच्या डब्यात पावडरी, पेन्सिली, लिपस्टिका. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या माणसालाही ती सोडायची नाही. “जरा थांबा, कपाळ चकाकतंय,” म्हणत पफ फिरवायचीच. माणूस लाजून लालबुंद व्हायचा, मग तिला पुन्हा पावडर लावावी लागायची.

तिने लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. वीस वर्षं बाबांनी फोटो काढले आणि तिने चेहरे रंगवले. भांडणं रोजची. बाबा म्हणायचे, “तू थापलेला चुना खरवडल्याशिवाय गिऱ्हाइकाला त्याची आईसुद्धा ओळखायची नाही.” ती म्हणायची, “आणि तुझ्या दिव्यासमोर अप्सरा बसवली तरी तिचं भूत होतं.” तरी दुपारचा डबा दोघं एकत्रच उघडायचे.

मी बारावीत असताना एका फिरत्या नाटक कंपनीने रंगभूषाकार हवा म्हणून जाहिरात दिली. वयाची, शिक्षणाची अट नव्हती. रंगीत दिव्यांखाली केलेल्या मेकअपचा फोटो तेवढा पाठवायचा होता. रंगमंचावर साधा उजेड असतो कुठे! आत्याने ते कात्रण आरशाच्या चौकटीत खोचलं आणि जाता-येता वाचू लागली. चाळिशी उलटलेली बाई वर्षातले दहा महिने गावोगाव फिरणार म्हणून आईने नाक मुरडलं. बाबा एवढंच म्हणाले, “फोटो मी काढतो.” मला मात्र आत्या जायला नको होती, आणि मॉडेल म्हणून तिने बसवलं ते मलाच.

रविवारी स्टुडिओ बंद ठेवला. बाबांनी लाल, निळे, हिरवे जिलेटीनचे कागद आणले आणि कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांनी ते दिव्यांसमोर लावून बघू लागले. निळ्यात मी आजारी दिसले. हिरव्यात, आत्याच्या मते, शेवाळलेली. शेवटी लाल कागद हातात घेऊन बाबा म्हणाले, “हाच ठेवू.” आत्याने मान डोलावली आणि मला आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली नेऊन बसवलं.

तीन तास! गालांना लाली, पापण्यांवर तांबूस छटा, ओठांवर डाळिंबी लिपस्टिक, तीही दोनदा पुसून तिसऱ्यांदा लावलेली. मान अवघडली होती, पण आरशात बघितलं आणि तक्रार करवेना. मी चक्क सुंदर दिसत होते. बाहेर येऊन कॅमेऱ्यापुढे बसले. बाबांनी बाकीचे दिवे घालवले, लाल दिवा लावला, आणि माझा चेहराच गेला. ओठ नाहीत, गाल नाहीत. लालीचा लाल आणि उजेडाचा लाल एक होऊन बसले होते. सोललेल्या अंड्याला डोळे काढावेत तशी मी समोरच्या भिंतीवरच्या आरशात दिसले. तीन तासांची मेहनत पाण्यात. माझ्या मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, हे आज कबूल करते. फोटो नाही तर कंपनी नाही, आणि कंपनी नाही तर आत्या कुठेच जात नाही.

आत्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. चिडली नाही, रडली नाही. ती नुसती बाबांकडे बघत होती. बाबा बराच वेळ कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. मग म्हणाले, “पूस ते सगळं. या उजेडातच बसून परत कर. लाल डबीला हात लावू नकोस, हिरवं-निळं घे.”

माझ्या ओठांवर हिरवी पेन्सिल फिरली. गालांच्या कडेने निळा रंग चढला. बाबा कॅमेऱ्यातून बघून सांगत, “डावा गाल अजून खोल हवा,” आणि आत्या “कळतं मला” म्हणत तसंच करत होती. हळूहळू ओठ उमटले, गर्द आणि रेखीव. बाबांनी बारा फोटो काढले. काम संपल्यावर मी वारा घ्यायला दार उघडलं, तर समोरच्या शिंप्याच्या हातातला चहा सांडला. भर उन्हात हिरव्या ओठांची, निळ्या गालांची चेटकीण दारात उभी! आत्या पोट धरधरून हसली, बाबा भिंतीला टेकून हसले. त्या दुपारी परत जाऊन बसता आलं असतं तर मी आजही सगळं सोडून गेले असते. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.

फोटो गेला, पत्र आलं, आत्या गेली. सव्वीस वर्षं ती कंपनीबरोबर हिंडली. कधी सणासुदीला, कधी अचानक, दोन पेट्या घेऊन यायची आणि चार दिवसांत निघायची. बाबांनी आतल्या खोलीत दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. आरसा झाकून ठेवला आणि गिऱ्हाइकांचे फोटो आहेत तसे काढू लागले.

कंपनी बंद पडली तेव्हा आत्या कायमची आमच्याकडे आली. बाबांनी तोवर पंचाहत्तरी ओलांडली होती. एका संध्याकाळी चहा पिता पिता ते एकदम तिला म्हणाले, “तो लाल कागद मी मुद्दाम लावला होता.”



“निम्मा जन्म डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फोटो धुण्यात गेला माझा,” बाबा म्हणाले. “त्या उजेडात लाल रंग दिसत नाही, हे मला ठाऊक नसेल? वाटलं, फोटो फसला तर जाणार नाहीस.”

आत्याने कप खाली ठेवला. “मलाही ठाऊक होतं, दादा. त्याच डार्करूममध्ये तुझ्या शेजारी वीस वर्षं उभी होते की मी. तरी तीन तास लालच लावत बसले.”

“का गं?”

“तू काय म्हणतोस ते बघायचं होतं. ‘राहू दे आता’ एवढंच म्हणाला असतास, तर राहिले असते.”

“जिभेच्या टोकावर होतं,” बाबा म्हणाले.