शेंदूरजनाघाटचं भरलेलं तळं

मे महिन्यात वऱ्हाडात कोणी फिरायला जात नाही. मी तिकीट काढलं तेव्हा माधवी म्हणाली, "तुला पोहायचंच आहे तर कोकणात जा. अकोल्याला काय आहे?" माधवी आणि मी बरीच वर्षं एकत्र राहतो. तिचे प्रश्न बहुतेक वेळा बरोबर असतात. याही वेळी होता.

अकोल्याला शमीम आपा होती. पुण्यात आमचा पोहणाऱ्यांचा एक गट आहे. गे, लेस्बियन, ट्रान्स आणि आमच्यासोबत पाण्यात उतरायला ज्यांची हरकत नाही असे कोणीही. बहुतेक जण तिशी-चाळिशीत पोहायला शिकलेले. शाळेत असताना कपडे बदलायच्या खोलीची भीती वाटायची, म्हणून राहून गेलेले. आमच्यासारखाच एक गट अमरावती-अकोल्यात आहे, हे कळलं तेव्हा खरं वाटेना. पावसाळ्यानंतर पुण्यात दोन्ही गटांची मैत्रीपूर्ण रिले घ्यायची असं ठरलं आणि त्यांना भेटून सगळं पक्कं करायचं काम मी मागून घेतलं.

पुण्याहून संध्याकाळची गाडी धरली तर सकाळी अकोल्याला उतरता येतं. स्लीपरनं गेलात तर पाण्याच्या बाटल्या जास्त घ्या, खिडकीतून येणारा वारासुद्धा भाजतो. स्टेशनवर उतरल्यावर पहिलं काम म्हणजे एक सुती दुपट्टा घेणं आणि इथले लोक बांधतात तसा डोक्या-कानांभोवती गुंडाळणं. मी नेलेली टोपी पाहून शमीम आपा हसली होती. "ये टोपी पुण्यात घाल. इथं ऊन कानातून घुसते."

आपा पन्नाशीची. मोर्णा नदीत भावांच्या मागे लागून पोहायला शिकली आणि पुढे अकोल्यातल्या एका तलावावर बायकांना शिकवू लागली. एकदा काजल नावाची एक ट्रान्स बाई तिच्याकडे शिकायला आली. तलावाच्या मालकानं काजलला फाटकावरूनच परत पाठवलं, तेव्हा आपाही शिट्टी गळ्यातून काढून तिच्या मागोमाग बाहेर पडली. मग अमरावतीचे ढोले सर भेटले. शाळेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे पीटी मास्तर. सरांच्या ओळखीनं अमरावतीत एका खाजगी तलावावर सकाळचा एक तास मिळाला. अकोल्याचे लोक पहाटेच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून तिथं जायचे.

दुसऱ्या दिवशी आपा, काजल आणि बाकी अकोलेकरांबरोबर मीही तशीच गेले. बडनेऱ्याहून अमरावती शहरात जायला ऑटो सहज मिळतात. तलाव मात्र रिकामा होता. पाणीटंचाईमुळे बंद केलेला. निळ्या फरशीवर सुकलेली पानं आणि खोल बाजूला एक कुत्रं सावलीत झोपलेलं. सरांनी मला तो दाखवला, जसं कोणी आपलं जळालेलं दुकान दाखवावं.

"आमचं सध्या गज्याच्या भरवशावर हाय," काजल म्हणाली. आम्ही गिला वडा खायला थांबलो होतो. अमरावतीला गेलात तर हा चुकवू नका. दह्यात भिजलेला, वर झणझणीत चटणी, उन्हाळ्यात पोटाला गार. काजलनं माझ्या प्लेटमधला एक उचलला. "तुमी पुन्याचे लोक दही वाया घालवता व माय. खा ना पुरं."

गज्या म्हणजे गजानन. चौतिशीचा, गटातला सगळ्यात वेगवान. शेंदूरजनाघाटला त्याची थोडी कपाशी, संत्र्याची बाग आणि बागेत शेततळं. तलाव बंद झाल्यापासून गट दर आठवड्याला तिथं जायचा, त्या दिवशीही आम्ही सगळे निघालो. अमरावतीहून मोर्शी-वरूडमार्गे एसटीनं तीनेक तास लागतात. मोर्शी सोडलं की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू होतात. मी हिरव्या बागा पाहायच्या तयारीनं खिडकीशी बसले होते. खिडकीतून दिसत होती वाळून करडी झालेली झाडं, काही ठिकाणी नुसते बुंधे. एका बागेत आरीनं झाडं कापून रचून ठेवली होती. बसमध्ये त्याकडे कोणी पाहत नव्हतं.

गजू फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. "या ताई. पुन्याले माहं नाव घेता म्हने तुमी लोक?"

"घेतो की. तुझी वेळ सांगितली तर आमच्याकडचे दोघं स्पर्धेतून मागे सरले."

तो लाजला. पुण्याला यायचं तर आपण कोण आहोत ते न लपवता येणार, म्हणाला. गावात त्याला लपवावंही फारसं लागत नव्हतं आणि त्याचं कारण ऐकून मला हसावं की काय करावं कळेना. शेतकऱ्याच्या पोराला आजकाल मुलगी कोणी देत नाही. गावात त्याच्या वयाची कितीतरी मुलं बिनलग्नाची होती. त्यांच्यात हाही एक. "बोंडअळीनं मले वाचवलं ताई," तो म्हणाला. "दुष्काळ पडला तं अजून दोन-तीन वर्सं कोनी विचारत नाई."

शेततळ्याबद्दल एक सांगून ठेवते, कारण तुमच्यापैकी कोणाला मोह होईल. अनोळखी शेततळ्यात कधीही उतरू नका. तळाला आणि उतारावर प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा काठाशी येऊन बाहेर निघू शकत नाही आणि थकून बुडतो. ढोले सरांची पद्धत ठरलेली होती. आधी चारही कोपऱ्यांवर खुंट्यांना दोर बांधायचे, प्रत्येक दोराला ट्रॅक्टरची ट्यूब. मग जोड्या. एक पाण्यात, त्याचा जोडीदार काठावर दोर धरून. दोर धरणाऱ्यानं दुसरीकडे पाहायचं नाही, बोलायचंही नाही.

त्या दिवशी गजूचा दोर मी धरला. आजूबाजूची रानं करपलेली आणि मधे हे हिरवट, काठोकाठ तळं. एवढं पाणी कसं राहिलं, मी नंतर विचारलं. गजूनं आईला पंप बिघडला असं सांगितलं होतं. झाडांना बादल्यांनी जगण्यापुरतं घालायचा आणि तळं आमच्या लोकांसाठी राखायचा. दर आठवड्याला बसमधून घामाघूम उतरणाऱ्या आठ-दहा जणांसाठी.

"माय रोज शिव्या घालते," तो म्हणाला. "झाडं सुकून राहिली अन् तू तळ्याले पहारा देऊन राहिला, म्हनते. बरोबर हाय तिचं. पन झाडं का मले भेटाले येते?"

तो दुसऱ्यांदा पाण्यात होता तेव्हा बांधावरून त्याची आई आणि दोन माणसं येताना दिसली. इथं कोणी आलं की काय करायचं हे गटाला पाठ होतं. पुरुष एका बाजूला, बायका लिंबाखाली, काजल डोक्यावरून टॉवेल घेऊन आपाच्या मागे, आपाची बहीण म्हणून. काजल जाता जाता पुटपुटली, "माह्या मालकीचं तळं असतं तं पाहुन्यालेच टॉवेल गुंडाळले असते."

त्यातले एक गजूसाठी सांगून आलेल्या मुलीचे मामा होते. वैशाली नाव तिचं, मोर्शीकडची. आईनं गजूला काही सांगितलं नव्हतं. स्थळ बघायला ते दुसऱ्या दिवशी यायचे होते, पण त्या बाजूला काम निघालं म्हणून आधीच आले. घर, जेवण, मुलगा हे सगळं नंतर. आधी वावर पाहू, म्हणाले. हल्ली असंच करतात. वावरात पाणी आहे का, हे स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय पुढचं बोलत नाहीत.

गजू ओल्या अंगानं काठावर आला. माझ्या हातातला दोर त्यानं घट्ट धरून ठेवला होता, बाहेर निघून झालं तरी.

"हे कोन?" मामांनी विचारलं.

"अमरावतीचा पोहाचा क्लास हाय," ढोले सर म्हणाले. "मी मास्तर."

मामांनी सरांना रामराम केला. चांगला माणूस होता. वाईट असता तर सोपं झालं असतं. ते काठाशी उकिडवे बसले, दोराला धरून जपून खाली सरकले आणि कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवला. मग ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.

"चार गावं पाह्यले बापा," ते गजूच्या आईला म्हणाले. "विहिरी कोरड्या. पोट्ट्याच्या खिशात मोबाईल हाय, वावरात थेंब नाई. तुमच्या पोरानं मे महिन्यात तळं भरलेलं ठेवलं. पान्याची एवढी कदर करते, तो बायकोची नाई करन काय? आमचं पक्कं समजा, बाई."

गजूच्या आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. एवढे दिवस ज्या तळ्यावरून पोराला शिव्या दिल्या, त्याच्याकडे ती आता वळून वळून पाहत होती.

पाहुणे घराकडे गेल्यावर आपा गजूजवळ गेली. "अभी जा. उनके पीछे जा और बोल दे, शादी नही करनी."

"काय कारन सांगू आपा? आजपर्यंत पानी नाई, पीक नाई, हेच कारन होतं. आता मामानं हात बुडवून पाह्यलं."

"खरं सांग."

"मायले?" तो एवढंच म्हणाला.

मी त्या मुलीचं काय, असं विचारलं. त्यानं पायाखालचं ढेकूळ टाचेनं फोडलं. "तिचाच इचार येऊन राहिला ताई. तिले तरी कोनी इचारलं असन का?"

मग तो पंपाच्या खोलीत गेला आणि बटण दाबलं. बिघडलेला पंप एका दमात सुरू झाला. पाइपमधून पाणी झाडांच्या आळ्यांत पडू लागलं. सरांनी खुंट्यांवरचे दोर सोडून गुंडाळले. आम्ही शेवटच्या एसटीसाठी निघालो तेव्हा तळ्याच्या काळ्या कागदावर ओली रेघ उघडी पडली होती, पाणी तिच्या हातभर खाली.

परतीच्या वाटेवर वरूडला बस थांबली तेव्हा काजलनं सगळ्यांसाठी उसाचा रस आणला आणि कोणालाच तो गोड लागला नाही. बडनेऱ्याहून मी पुण्याची गाडी धरली. निरोप घेताना सर म्हणाले, "रिलेचं नाव नोंदवलेलं राहू द्या. येईन बी तो." त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता.

पावसाळा झाला, रिले झाली. अकोला-अमरावतीहून आपा, सर आणि काजल धरून पाच जण आले. गजूच्या जागी आमच्यातला एक त्यांच्याकडून पोहला. लग्न जूनमध्येच उरकलं होतं. गटाला आमंत्रण नव्हतं आणि ते बरंच झालं, असं आपा म्हणाली. म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माधवीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही तिथं पोहायला गेला नसतात तर?" तळं आमच्यासाठी राखलं नसतं तर पाणी झाडांनी प्यायलं असतं आणि मामा पुढच्या गावाला गेले असते. एवढा सरळ हिशेब आहे. तो मनात आला की मला तरणतलावाच्या पायरीवरच बसून राहावंसं वाटतं.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर पावसाळ्यानंतर जा. मोर्शीच्या रस्त्याला वाचलेल्या बागा हिरव्या दिसतात, फळं दिसतात, फोटो चांगले येतात. मी पुन्हा जाणार की नाही, माहीत नाही.

रिलेनंतर काही दिवसांनी आपाचा फोन आला. गजूच्या बायकोनं, वैशालीनं, सासूकडून "क्लासवाल्यांचा" नंबर मिळवला होता. बागेत एवढं खोल तळं, त्याची भीती वाटते, मला पोहायला शिकवा, म्हणाली. पावसानं तळं पुन्हा भरलं होतं. शिकवू का, असं आपानं मला विचारलं. मी हो-नाही करेपर्यंत ती कामाला लागली होती.

आता गट पुन्हा शेंदूरजनाघाटला जातो. गजू त्या वेळी वावराच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी काम काढतो. वैशाली ट्यूबला धरून पाण्यात उतरते, तिचा दोर काजल धरते. दोघींचं चांगलं जमतं. परवा आपानं फोनवर सांगितलं, मागच्या वेळी उतरता उतरता वैशालीनं विचारलं, "आपा, आमचे हे तुमच्याबद्दल कधीच काही बोलत नाही. तुमी समदे यांले कसे वळखता?"

"मग?" मी विचारलं.

"दोर धरणाऱ्यानं बोलायचं नसते, काजल तर गप्पच राहिली," आपा म्हणाली. "मी तिले म्हटलं, बेटा, श्वास धर अन् डोकं पान्याखाली घाल."