पाळीखालची ओल

आमच्या गावच्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, पाइप बाहेर पडतो तिथं, माझ्या मोठ्या जावेचा भाजीचा तुकडा होता. तिचा म्हणजे तिनं कसलेला; जमीन सरकारी. मोठे दीर गेल्यावर तिच्या वाट्याचं कोरडवाहू शेत पावसाळ्यापुरतं पिकायचं, पण हा तुकडा भर उन्हाळ्यातही हिरवा असायचा. पाळीच्या पोटातून पाटाकडं जाणारा लोखंडी पाइप जुना झाला होता आणि सांध्यातून गळत होता. पाणी बंद करायचं तलावावरचं चाक कितीही आवळलं तरी पाण्याची बारीक धार चालूच राहायची. त्या धारेवर ती मेथी, पालक, कोथिंबीर काढायची आणि धाडच्या बाजारात नेऊन विकायची. लेकीचं लग्न तिनं त्यावरच केलं.

पाइप गळतो हे साऱ्या गावाला माहीत होतं. उन्हाळ्यात कोणीतरी विषय काढायचं, पाऊस लागला की तो मागं पडायचा.

एका साली होळीनंतर ती सकाळीच आमच्या दारात आली. हातात तांब्या होता. मी भांडी घासत होते. तिनं तांब्या माझ्यापुढं धरला.

"पाय व, हे पानी पाय."

तळाशी पिवळी माती बसली होती.

"पाऊस नाही, पानी नाही. मंग गढूळ काऊन येऊन राह्यलं? आधी असं नव्हतं. पाळीची माती वाहून येते वाटते मले."

माझे यजमान गावच्या पाणी समितीत होते. आवाज ऐकून ते बाहेर आले, तांब्या उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "वहिनी, हे दुरुस्त करायचं म्हंजे तलाव रिकामा करा लागन. पाळ खोदा लागन. तुमचा तुकडा नाही राहनार."

"मले माहीत हाय, भाऊजी," ती म्हणाली. "पन पाळीखाली घरं हायेत. लेकरं निजतात तिथं."

तांब्यातलं पाणी तिनं आमच्या तुळशीला घातलं आणि निघून गेली.

इंजिनिअर साहेब आले, त्यांनीही तेच सांगितलं. पाइपाच्या सांध्यातून पाणी आजूबाजूची माती ओढून नेत होतं, पाळ आतून पोकळ होत होती. पावसाळ्याआधी नवा पाइप टाकायचा ठरलं. तलावातलं उरलंसुरलं पाणी सोडून दिलं. मग खालच्या विहिरी आटल्या, आणि गुरं पाण्यासाठी दुसऱ्या गावाच्या शिवारात न्यावी लागली. लोक वैतागले. नळावर एक बाई जावेच्या देखत म्हणाली, "काई होत नव्हतं. उगाच उन्हाळ्यात साऱ्या गावाले तहानेनं मारलं." जावेनं मान वर केली नाही. हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि घरी आली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

खोदाईचं यंत्र उतरवायला तिच्या तुकड्यावरूनच काय ती सपाट वाट होती. यंत्र यायच्या आदल्या संध्याकाळी तिनं सगळी भाजी उपटली. मला वाटलं, बाजारात नेईल. पण टोपली घेऊन ती पाळीखालच्या घराघरांत गेली आणि प्रत्येक दारात एकेक जुडी ठेवली. नळावर बोलली होती तिच्याही. माझ्या हातात मेथी देताना म्हणाली, "शेंगदाने टाकून करजो. कवळी हाय."

काम सुरू झालं तेव्हा ती पाहायला आली नाही. जुना पाइप बाहेर काढला तेव्हा त्याच्या सांध्याशी हात जाईल एवढं भगदाड होतं, आणि पाळीत माणूस बसेल एवढी पोकळी. नवा पाइप टाकला, काळी माती थर देऊन दाबली. खोदलेली जास्तीची माती आणि मुरूम तिच्या तुकड्यावरच पसरला.

त्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. पाळीखाली एक थेंब नव्हता. मी तिला बळंच घेऊन गेले. तिनं वाकून पाइपाच्या तोंडाखाली हात धरला, मग हात पदराला पुसला, कोरडा असूनही.

"चांगलं बसवलं," एवढंच म्हणाली.

रब्बीला पाटाला पूर्वीपेक्षा जास्त पाणी आलं. आमचा गहू चांगला झाला. तिच्याजवळ मात्र बाजाराच्या दिवशी करायला काही राहिलं नाही. सकाळी उठून ती टोपली झाडायची, परत उपडी ठेवायची. दिवाळीनंतर लेक आली आणि तिला लोणारला घेऊन गेली. यजमानांनी आमच्यातली एक पट्टी भाजीला देऊ केली होती. ती म्हणाली, "तुमचं कायले तोडता? आता वाकनं होत नाही." पण वाकणं होत नाही हे मी त्याआधी कधी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आली, दिरांच्या नावाची घागर भरायला. रात्री माझ्याजवळ निजली. तलावाकडं गेली नाही, मीही म्हटलं नाही. सकाळी जीपची वाट पाहत उभ्या होतो तेव्हा म्हणाली, "पुढच्या साली मी नाही येत व. पोरगी म्हनते घागर तिथंच भरू. यांले काय, पानी कुठूनबी पोचते."

जीप आली. तिला खिडकीशी जागा मिळाली. वळणापर्यंत तिचा हात बाहेर दिसत होता.

त्यानंतर ती आली नाही. यंदाच्या हिवाळ्यात तिची लेक फोनवर रडली, तेव्हा आई गेल्याचं तिला सांगावं लागलं नाही.