फोटोतली तिरपी नजर

त्या काळात मला रस्त्यावरच्या माणसांचे, त्यांना कळू न देता, फोटो काढायचं वेड होतं. भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये एका फोटोग्राफरवरचा सिनेमा पाहिला होता. त्याच्यासारखाच मीही कॅमेरा पोटाशी धरून बाजारात फिरायचो. ‘इकडे पाहा’ म्हणणाऱ्या स्टुडिओवाल्यांची तर मला चीडच होती.

शहापूरच्या बाजारात मी टिपलेला एक धानवाला शेतकरी महिन्याभरात वारला. त्याचा दुसरा फोटोच नव्हता, म्हणून घरच्यांना मी त्याचा चेहरा तेवढा मोठा करून दिला.

तेरवीला गेलो, तर हार घातलेला तो चेहरा भिंतीवरून डावीकडे पाहत हसत होता. घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं, माणसं अंगणात ताटकळत उभी. पण तो ज्या कोपऱ्याकडे पाहत होता, तिथं कोणीच बसत नव्हतं.

त्याच्या बायकोनं मला हळूच विचारलं, "भाऊ, हे कोणाकडे पाहून हासून राहिले जी?"

पूर्ण निगेटिव्ह मी पाहिली होती. ओळखीचं माणूस दिसावं तसा त्यानं हात वर केला होता. समोर कोणीच नव्हतं. आणि भर बाजारात लोक तेवढ्याच जागेला वळसा घालून चालले होते.

"बैलजोडी होती तिथं," मी थाप मारली.

"असं काय!" म्हणत ती गेली आणि त्याच कोपऱ्यात, नेमकी त्याच्या नजरेसमोर बसली.

तेव्हापासून मीही ‘इकडे पाहा’ म्हणतो. माणूस माझ्याकडे पाहीपर्यंत बटण दाबत नाही.