कोटातली माया

अक्का, मी गाव सोडलं त्या सकाळी एस.टी.च्या फाट्यावर अण्णांनी अंगातला काळा कोट काढला आणि मला घातला. "साहेबासमोर नुसत्या सदऱ्यावर उभा राहू नकोस," एवढंच म्हणाले. शाळामास्तराचा तो एकुलता एक कोट. मला खांद्यात दाटत होता, मनगटं उघडी पडत होती. तरी तसाच घालून आलो.

पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्यात नोकरी मिळाली, पण कच्ची. चिंचवडच्या गावठाणात खोली घेतली. कॉलेजात लेंगा-टोपीवर निभावलं होतं. इथे साहेबांनी बजावलं, "महिनाअखेर कायम करायची मुलाखत आहे. कोट-पॅन्टमध्ये या, नाहीतर येऊच नका." बी.एस्सी. झालेला तुझा भाऊ, आणि अंगावर धड कपडे नाहीत! पुण्याच्या जुन्या बाजारातून लष्करातल्या कुणा सोजिराची खाकी पॅन्ट आणली. तिच्यात माझ्यासारखे दोघे मावले असते. ती आणि कोट घेऊन गावठाणातल्या शिंप्याकडे गेलो.

त्याने कोट उलटा करून शिवण चाचपली. "राव, आत लई माया सोडलीया. व्हतंय काम."

अण्णांचा हा लग्नातला कोट. पुढे अंग भरेल म्हणून तेव्हाच्या शिंप्याने शिवणीत जादा कापड ठेवलं असणार. अण्णांचं अंग कधी भरलंच नाही. आपण चौघं खाणारे होतो ना! शिंप्याने ती सगळी माया उसवली आणि कोट मला बेतल्यासारखा बसला. आरशात बघून मी हरखलो, सांगायला लाज वाटते.

मुलाखतीच्या चार दिवस आधी अण्णांचं पत्र आलं. शाळा तपासायला दिपोटी येणार आहेत, आठ दिवसांपुरता कोट पाठव. पत्र घेऊन शिंप्याकडे धावलो.

"पुन्यांदा आत घिऊ की," तो म्हणाला, "पर मंग तुमी काय घालनार?"

नवा शिवायची ऐपत नव्हती, उसना मागावा तर ओळखीचं कुणी नव्हतं. कोट एक आणि माणसं दोन. शेवटी अण्णांना लिहिलं, कोट परटाकडे अडकलाय.

मी कायम झालो. मग तुझं पत्र आलं. दिपोटी भरल्या वर्गात म्हणाले, "मास्तर, शाळेत आलात की शेतावर?" आणि अण्णा सदऱ्याची बटणं चाचपत उभे राहिले. मला तू एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

पुढे दिवाळीला त्यांच्यासाठी नवा कोट आणला. तो त्यांनी खुंटीला टांगला, माझ्या अंगातल्या जुन्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "छान बसलाय." परटाचं त्यांनी विचारलं नाही.

आता अण्णा नाहीत. गावी कधी येतोस, असं तू दर पत्रात विचारतेस. कुठल्या तोंडाने येऊ? माझं घर म्हणजे आता अण्णांचा तो जुना कोट. उसवलेल्या जागी जुन्या टाक्यांची ओळ अजून दिसते. परवा पुन्हा खांद्यात दाटायला लागला म्हणून शिंप्याकडे नेला. त्याने उलटा करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"राव, आता यात माया न्हाई ऱ्हायली."