गाईंची मापं घेणाऱ्या शिवणकाकू

शिवणकाकूंना रस्त्यात कोणी भेटलं की आधी त्याचे खांदे दिसायचे आणि तोंड नंतर. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून नजरच तशी झाली होती. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागचं दार उघडलं की गोठा, आणि गोठ्यात तीन गाई. नवरा शाळेची बस चालवायचा, त्यामुळे दिवसभर मशीन आणि गोठा दोन्हीकडे काकूच बघायच्या. माणसांच्या बाबतीत अर्धा इंच इकडेतिकडे खपवून न घेणाऱ्या काकूंचा गाईंच्या बाबतीत मात्र सगळा अंदाजपंचे कारभार होता. चारा खातेय, शेण टाकतेय, म्हणजे बरी आहे.

एका सकाळी तांबडी नावाची गाय ओला, कोवळा चारा पोटभर खाऊन आली आणि तासाभरात फुगायला लागली. काकूंनी घाईघाईने फोन लावला. त्या सगळ्या पट्ट्यात गुरांच्या डॉक्टर एकच, आणि डॉक्टरीणबाई तेव्हा दोन तासांच्या वाटेवर एका अडलेल्या गाईपाशी होत्या.

"पोट डावीकडेच फुगलंय की दोन्हीकडे?"

"फुगलंय हो, खूप फुगलंय!"

"श्वास मिनिटाला किती? वजन किती असेल तिचं?"

"मोठी आहे," काकू म्हणाल्या. त्यापलीकडे त्यांना एकही उत्तर देता आलं नाही. मग बाईंनी सावकाश एकेक गोष्ट बघून यायला सांगितलं. काकू गोठ्यात धावत, घरात चार्जिंगला लावलेल्या फोनपाशी परत येत, पुन्हा धावत. दोन पायांवर त्यांनी अशा सात खेपा केल्या. आठव्या खेपेला तांबडी आडवी झाली होती. ती परत उठली नाही.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी मुद्दाम वाट वाकडी करून आल्या. त्या रागावल्या नाहीत. उलट, "मी जवळ असते तरी वाचली असती असं नाही," असंच म्हणाल्या. पण काकूंच्या मनातून ते 'मोठी आहे' जाईना. गिऱ्हाइकाला ब्लाउज कसा शिवू विचारलं आणि त्याने 'मोठा' म्हटलं, तर काकूंनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात त्या टेप घेऊन गोठ्यात शिरल्या. एक टेप पुरेना, म्हणून दोन टेपा टोकाला टोक जोडून शिवल्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घेतला, आणि घेरावरून वजन काढायचा तक्ता डॉक्टरीणबाईंकडून मागून आणला. शेजारच्या घरातले दीर कुंपणावर हात टेकून बघत होते.

"वहिनी, परकर शिवताय की पोलकं?"

"तुमच्या बैलाला सदरा हवा असेल तर सांगा, भावजी. कॉलर मोठी लागेल."

महिनाभर काकूंनी रोज सकाळी दोन्ही गाईंचा ताप मोजला, बरगड्यांकडे बघत श्वास मोजले. गाय धडधाकट असताना कशी असते हे कळल्याशिवाय आजारी कधी झाली ते कसं कळणार? ठिपकीचं अंग एकशे एकच्या वर असतं, दुसरीचं थोडं अधिक, हे त्यांना तोंडपाठ झालं. दाराच्या मागे कागद चिकटवला, त्यावर फोन नंबर ठळक अक्षरांत लिहिले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात थर्मामीटर, धुतलेली फडकी, मऊ दोर, हातमोजे आणि विजेरी ठेवली. ठिपकी गाभण होती. डॉक्टरीणबाईंनी तपासताना, व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम घटलं तर लागतील म्हणून, तिच्यासाठी कॅल्शियमच्या बाटल्या देऊन ठेवल्या आणि कातडीखाली सुई कशी द्यायची ते काकूंच्या हातून दोनदा करून घेतलं. वर बजावलं, "मला विचारल्याशिवाय मात्र बाटलीला हात लावायचा नाही."

ठिपकी व्याली ती सुरळीत. गुटगुटीत कालवड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गोठ्यात गेल्या, तर ठिपकी बसलेली, मान वळवून कुशीवर टाकलेली. उठवलं तर उठेना. कान हाताला गार लागले.

काकूंचे हात सरळ डब्याकडे गेले. ताप बघितला, श्वास मोजले, मगच फोन.

"ठिपकी, काल व्यालेली. बसून आहे, उठत नाही, मान कुशीत. ताप नव्व्याण्णव, एरवी एकशे एकच्या वर असतो. श्वास तीस. कान गार. शेण काल संध्याकाळपासून नाही. वजन सव्वाचारशे किलो."

"काकू, कॅल्शियम कमी झालंय तिचं. मी निघतेच, पण दीड तास लागेल. आडवी पडू देऊ नका, छातीवर बसती ठेवा. तोंडातून काही पाजू नका, तिला गिळता येणार नाही. आणि बाटली काढा."

काकूंनी बाटली कोमट पाण्यात धरली. तेवढ्यात दीर धावत आले, हातात तेलाची बाटली. "वहिनी, बाजूला व्हा, तोंडात ओततो, तरतरी येईल!"

"भावजी, थांबा! तिला गिळता येत नाहीये. ओतलंत तर सरळ फुप्फुसात जाईल."

"तुम्ही कधीपासून डॉक्टर झालात?"

"डॉक्टर फोनवर आहेत, त्यांना विचारा. नाहीतर ती पेंढ्याची गाठोडी आणा आणि तिच्या कुशीला लावा."

दीरांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे, आणि पेंढा आणायला गेले. स्पीकर लावलेला फोन खुंटीला टांगून काकू सांगितल्याबरहुकूम खांद्यामागे, थोडं थोडं, चार जागी औषध देत गेल्या. सुई धरायची त्यांच्या हाताला तीस वर्षांची सवय होती. मग दोघं दोन बाजूंनी गाईला टेकून बसून राहिले.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा ठिपकीचे कान कोमट होते आणि मान सरळ. त्यांनी शिरेतून आणखी एक बाटली दिली. थोड्या वेळाने ठिपकी थरथरली, मागचे पाय उचलले, मग पुढचे, आणि उभी राहून भला मोठा पो टाकला. इतक्या आनंदाने शेणाकडे पाहणारी तीन माणसं त्या गोठ्याने पूर्वी पाहिली नव्हती.

सगळीच जनावरं अशी वाचली असं नाही. पुढच्या थंडीत एक वासरू सगळं वेळेवर करूनही गेलं. काकू दोन दिवस मशीनवर बसल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी बसल्या.

त्यानंतरच्या एका दुपारी दीरांचा फोन आला. आवाजात घाई होती, पण घोळ नव्हता.

"वहिनी, शेळी मलूल आहे. ताप एकशे पाच. दोनदा बघितलं. सकाळपासून रवंथ नाही."

"मग मला काय सांगताय, भावजी?" काकू म्हणाल्या. "हेच जसंच्या तसं डॉक्टरीणबाईंना सांगा. मी येतेच."