वाकडी भिंत बांधा म्हणाले

“मावशी, तो ओळंबा खाली ठेवा. तो आपल्याला नकोय.”

भिंत सरळ हाय का बघायचा ओळंबा साहेबानं माझ्या हातातनं काढून घेतला, दोरीसकट, आन रिकाम्या घमेल्यात टाकला. टणकन वाजला. मागं सात-आठ पावणं उभी हुती, मुंबई-पुण्याची. त्यांच्याकडं वळून साहेब म्हणाला, “यांच्या हाताला जो नैसर्गिक वाकडेपणा आहे ना, तोच मला या भिंतीत हवाय.”

पावण्यांनी माना हलवल्या. एका बाईनं माझ्या हाताचा फोटू काढला. तोंडाचा न्हाय. हाताचा.

साहेब म्हंजे आर्किटेक्ट. माझ्यापेक्षा धा वर्सांनी तरी मोठा, केस पिकल्यालं, आन मला मावशी म्हणतोय. मी म्हंजे गवंडी. बिगारी न्हवं, गवंडी. त्या साइटवर आम्ही नऊ बायका. आठ जणी घमेलं उचलायच्या आन मी एकटी थापी धरायची.

इमारत पंचगंगेच्या काठावर. आजकालच्या चित्रांचं, मूर्तींचं म्युझियम. लांबलचक, बुटकी, बिनरंगाच्या काँक्रीटची. नदीकडच्या अंगाला सगळी काच. पाठीमागं आमच्यासारख्यांची वस्ती. त्या अंगाला खिडकी न्हाय, दार न्हाय, झरोका न्हाय. नुसतं कोरं काँक्रीट, ह्या टोकापासनं त्या टोकापतोर. मी एकदा साइट इंजिनिअरला इचारलं, हिकडं खिडकी कशी न्हाय? म्हणाला, “तिकडं व्ह्यू न्हाय.” घ्या! आम्ही व्ह्यू न्हाय. आन आर्किटेक्ट साहेब पावण्यांना सांगत हुता, ही इमारत लोकांची आहे म्हणून.

आत शिरल्या शिरल्या मोठं दालन. तिथं चाळीस फूट लांब मातीची भिंत पायजे हुती त्याला. मागं वीटकाम, वरनं माती, शेण आन भाताचं तूस कालवून गिलावा. तूस शाहूवाडीवरनं पोती भरून आणल्यालं. नदीकाठाला, खालच्या मजल्यावर, मातीचा गिलावा! पूर आला की त्याचं काय हुतंय, कोल्हापुरातलं शेंबडं पोर बी सांगंल. पर साहेबाला कोण सांगणार? त्याला नदी काचेतनं बघायची हुती. ती आत आली की तिला बी तिकीट मागणार असंल.

पावणं गेली. मी ठेकेदाराकडं बघितलं. ठेकेदार कसबा बावड्याचा, वळखीचा. म्हणाला, “बाई, साहेब म्हणत्यात तसं कर की. तुझ्या बापाचं काय जातंय?”

बापाचं काय जात न्हवतं. आईचं जात हुतं.

माझी आई गावात मोठ्या शेतकऱ्यांच्या गोठ्याच्या भिंती लिंपायची. गोठ्याला तिचा हात चालायचा. घराच्या सोप्याची पायरी मातर तिनं चढायची न्हाय. मी सात-आठ वर्सांची, शेणाची बादली धरून उभी. गिलावा कुठं जाड, कुठं पातळ यायचा. मालकीण सगळ्यांदेखत म्हणायची, “तुमच्या हाताला सरळ कवा यायचंच न्हाय.” आई मान खाली घालून हसायची. ते हसणं मला अजून खुपतंय. तिच्या हाती कुणी कधी ओळंबा दिला न्हवता, पट्टी दिली न्हवती, आन म्हणं सरळ येत न्हाय!

मालकिणीनं ते हिणवायला म्हणलं. साहेबानं कौतुक म्हणून म्हणलं. दोघांचं म्हणणं एकच.

मी सहा वर्सं घमेलं वाहिलं. मिस्त्री जेवायला बसला की मी त्याची थापी उचलायची, चार विटा लावायच्या, आन तो हात धुवायला उठला की पाडायच्या. बापय माणसं हसायची. “बाई गवंडी झाली तर आम्ही काय बांगड्या भरायच्या व्हय?” म्हणायची. एक दिवस मिस्त्रीनं माझ्या विटा पाडायच्या आधी बघितल्या. ओळंबा लावला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला एक कोपरा दिला. एवढं करून मी सरळ भिंत शिकले. आन ह्यो साहेब मला वाकडं बांध म्हणतोय.

तरी मी केलं. खोटं कशाला बोलू? हातातलं काम जाईल म्हणून भ्याले. बिनओळंब्याचं, बिनपट्टीचं, नुसत्या हातानं लिंपलं. पर हाताला सरळचंच वळण पडल्यालं. डोळ्याला फुगीर दिसलं की हात आपसूक दाबून घ्यायचा. संध्याकाळी साहेब आला, भिंतीवर हात फिरवला, तोंड वाकडं केलं.

“फार नीट झालंय. काढा.”

मी केल्यालं काम मलाच खरवडायला लावलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. परत खरवडलं. बाकीच्या बायका घमेलं घिऊन उभ्या, माझ्याकडं बघायच्या न्हाईत. चांगलं काम केलं म्हणून शिक्षा झाल्याली मी जगात एकटीच असंन.

तिसऱ्या दिवशी साहेब फोटोवाला घिऊन आला. साइटवर आम्ही बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतो, अंगाला सिमेंट लागू न्हाय म्हणून. साहेब म्हणाला, “मावशी, तो शर्ट काढून ठेवा. फोटोत बरा दिसत नाही. आणि ओल्या भिंतीवर हाताचे पंजे उमटवा, जसे तुम्ही घरी करता.”

मी म्हणलं, “आम्ही घरी करत न्हाय.”

त्यानं मोबाईल काढला. एका खोपटाची भिंत दाखवली, पोपडं निघाल्याली, वाकडी. “हे बघा. हे तुमचं घर. किती सुंदर आहे.”

“माझं घर सिमेंटचं हाय. तीन खोल्या. मी सवता बांधल्यात.”

तो हसला. पोराला समजावावं तसं म्हणाला, “ते नाही हो. मी तुमच्या खऱ्या घराबद्दल बोलतोय.”

माझं डोस्कं भणाणलं. मी विटेवर वीट ठिवून उभं केल्यालं घर खोटं, आन ह्याच्या मोबाईलमधलं खोपाट माझं खरं! म्हंजे मी शिकले ते खोटं. माझी आई मान खाली घालून हसली तेवढंच खरं. आन ते ह्याला काचेच्या इमारतीत उजेड सोडून मांडायचं हुतं, तिकीट लावून.

मी शर्टाची वरची दोन बटणं उघडी हुती ती लावली.

“साहेब, वाकडं पायजे तर तुम्हीच करा. तुम्हाला लई जमतंय.”

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. ठेकेदार धावत आला. मला बाजूला घिऊन म्हणाला, “गवंड्याचं काम बंद तुझं. ऱ्हायचं तर उद्यापासनं घमेलं उचल.”

मी थापी धुतली, पिशवीत टाकली, पुढच्याच दारानं भाईर पडले. काचेच्या दारानं. वॉचमन म्हणाला, “मागनं जावा की.” मी म्हणलं, “मागं दार ठिवलंय का तुमच्या साहेबानं?”

भिंत झाली. बाकीच्या बायकांनी केली. त्यांच्यावर राग धरत न्हाय मी, घरी चुली हायत्या. खाली पाटी लावलीया म्हणं, ‘अनामिक हात’. त्या आठही जणींना नावं हायती. कुणी इचारली न्हाईत, एवढंच.

मोठ्या साइटवर मला आता कोण गवंडी म्हणून घेत न्हाय. बाई भांडकुदळ हाय म्हणत्यात. व्हय, हाय. आमच्याच वस्तीत खोल्या बांधते, संडास बांधते, कंपाउंड बांधते. त्या आठातल्या दोघी आता माझ्या हाताखाली शिकत्यात. त्यांना मी एकच बजावलंय. भिंत जरा जरी कलल्याली दिसली तर मी सवता पाडीन आन परत बांधायला लावीन. कुणी किती बी कौतुक करू दे, कुणी किती बी कॅमेरं आणू दे, आमच्या हातनं वाकडी भिंत हुणार न्हाय. ज्याला वाकड्या भिंतीची हौस हाय त्यानं आपल्या घराला बांधावी. आन बायकापोरं घिऊन तिच्याखाली झोपावं.